इंजिन उचल घेत नाही, तेव्हा

वेगाचा दांडा पुढे सारला तरी बोटीचे डिझेल इंजिन उचल घेत नाही, फेरे रेंगाळत वाढतात आणि धुराड्यातून काळा लोट निघतो. अशा वेळी मिस्त्रीचा हात बहुधा आधी डिझेल फिल्टरकडे जातो आणि मग इंजेक्टरकडे. ही सवय अज्ञानातून आलेली नाही. सागरी डिझेलच्या पहिल्या काही दशकांत दोष बहुतेक वेळा तिथेच असायचा. पुढे इंजिन बदलले, दोषाची जागा सरकली, पण शोधाचा क्रम मात्र तोच राहिला. टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनात पहिला संशय हवेवर घ्यायला हवा, आणि तो का, हे या यंत्राच्या इतिहासावरूनच कळते.

रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गच्या चाचणीत उतरले. ते जहाजावर चढवताना पहिली अडचण आली ती हुकमाप्रमाणे वागण्याचीच. १९०३ मध्ये व्होल्गाच्या जलमार्गावर आलेल्या ‘वांडाल’ या तेलवाहू जहाजाची इंजिने उलटी फिरू शकत नव्हती. म्हणून १२० अश्वशक्तीच्या तीन इंजिनांनी वीज निर्माण करायची आणि पंखे विजेच्या मोटरींनी फिरवायचे, असा वळसा घ्यावा लागला. १९१२ मध्ये कोपनहेगनच्या बुर्माइस्टर अँड वाइन कारखान्याने ‘सेलांडिया’ बांधले. त्यावर प्रत्येकी १२५० अश्वशक्तीची दोन इंजिने होती आणि ती थेट उलटी फिरत. मात्र त्या पिढीच्या इंजिनांत इंधन आत फवारण्यासाठी सुमारे ६० वातावरणे दाबाची हवा लागे. ती देणारा कॉम्प्रेसर, त्याच्या झडपा आणि कूलर हे त्या इंजिनांचे सर्वांत दुखरे अंग होते. भार बदलला की फवाऱ्याच्या हवेचा दाबही जुळवून घ्यावा लागे, कारण हलक्या भारावर तो जास्त राहिला तर ज्वलनच बिघडे. याउलट चार-स्ट्रोक इंजिनाला जळण्यासाठी लागणारी हवा पिस्टन स्वतः ओढून घेई, आणि तिचे माप प्रत्येक वेळी जवळपास तेवढेच असे. मग इंजिन मंदावले तर इंजिनियरने फवाऱ्याकडे पाहावे, यात चूक काहीच नव्हते.

हा हिशेब बदलला तो स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याच्या कल्पनेने. बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवायचे आणि त्याच्याच दांड्यावरच्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची, या टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतले. ती कल्पना जहाजावर यायला दोन दशके लागली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती त्यामुळे १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. १९५२ मध्ये ‘डोर्थे मेर्स्क’च्या रूपाने मोठी दोन-स्ट्रोक इंजिनेही त्या वाटेने आली. पण या लाभाबरोबर एक परावलंबनही आले. हवा हवी तर धुरात जोर हवा, धुरात जोर हवा तर इंधन पुरते जळायला हवे, आणि ते जळायला पुन्हा हवाच हवी. वेगाचा दांडा पुढे गेला की इंधन क्षणात वाढते, हवा मात्र टर्बाइनने वेग धरल्यावरच येते. या साखळीची कोणतीही कडी ढिली पडली की इंजिन जड होते. हवेचा फिल्टर तुंबतो, कॉम्प्रेसरच्या चाकावर तेल-मिठाचा थर बसतो, हवेचा कूलर चोंदतो. टर्बाइनच्या आधीच्या एक्झॉस्ट जोडातली गळती तर सहज नजरेतून सुटते, आणि जो जोर टर्बाइनला मिळायचा तो इंजिनरूममध्येच निघून जातो.

यावर रास्त आक्षेप असा की इंधनाचे दोष काही संपलेले नाहीत. उलट जॉन लँब यांनी १९४६ च्या सुमारास ‘ऑरिक्युला’ जहाजावर जड तेल जाळून दाखवले आणि त्यानंतर जहाजांत येणारे इंधन अधिकच गढूळ झाले. हे खरेच आहे. पण इंधनाचा तुटवडा आणि हवेचा तुटवडा यांच्या खुणा वेगळ्या असतात. इंधन कमी पडले तर धूर काळवंडत नाही आणि त्याचे तापमानही खाली राहते. हवा कमी पडली तर काळा लोट निघतो आणि तापमान चढते. एखादाच इंजेक्टर ठिबकत असेल तर बहुधा त्या एका सिलिंडरचे तापमान इतरांशी जुळत नाही. आणि तळाला शेवाळ-कालवे धरल्यामुळे किंवा पंखा वाकल्यामुळे इंजिन दमत असेल, तर हवेचा दाब पुरेसा असूनही फेरे चढत नाहीत. म्हणजे काळा धूर दिसत असताना आधी डिझेल फिल्टर उघडणे हे समोरचा पुरावा सोडून जुन्या ओळखीच्या संशयिताला धरण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आजची इंजिने संगणकावर चालतात, दोषाचा क्रमांक पडद्यावर येतो, मग हा इतिहास कशाला? तो लागतो, कारण या इंजिनांनी धुराची साक्षच पुसली आहे. धूर होऊ नये म्हणून नियंत्रक हवेचा दाब पाहूनच इंधन सोडतो. हवा कमी असली तर तो इंधन आखडतो. लोट दिसत नाही, तापमान फारसे चढत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की इंधनच पोचत नाही. गळती हळूहळू वाढत गेली तर पडद्यावर इशाराही लवकर उमटत नाही. इथे उपयोगी पडतो तो इंजिन नवे असतानाच्या चाचणीचा कागद. त्यावर त्याच फेऱ्यांना आणि त्याच भाराला हवेचा दाब किती होता आणि इंधनाचे माप ठरवणारी पंपाची रॅक कुठे होती हे लिहिलेले असते. आजच्या आकड्यांत रॅक पुढे सरकायच्या आतच थांबवली जात असेल आणि दाब तेव्हापेक्षा कमी असेल, तर पाना आधी एक्झॉस्टच्या जोडांना, मग टर्बोला आणि कूलरला लावावा.