जुन्या मोटारीचे इंजिन तापते तेव्हा...

उन्हाळ्यात बोरघाट किंवा कसारा घाट चढताना जुन्या मोटारीचे इंजिन तापण्याचा अनुभव अनेकांना येतो. तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकताच एसी बंद करून गाडी सुरक्षितपणे कडेला घ्यावी व इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही ते उकळत नाही; झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते. इंजिन पूर्ण निवल्यावरच पाणी तपासावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याची भीती असते.

पाणी कमी आढळल्यास होजपाइप, वॉटर पंप व रेडिएटर यांतील गळती शोधावी. केवळ वाहतूक कोंडीत इंजिन तापत असेल, तर पंखा, त्याचा फ्यूज वा फॅन बेल्ट पाहावा. वेगात धावतानाही तापत असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला किंवा रेडिएटर चोंदलेला असू शकतो.

बाहेर गळती नसताना पाणी घटणे, सतत पांढरा धूर येणे किंवा ऑइल दुधाळ होणे, ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे होत. अशा वेळी पुन:पुन्हा पाणी भरून गाडी दामटू नये. सिलिंडर हेड वाकले, तर किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर इंजिनच्या मोठ्या कामात होते. टोइंगचा खर्च त्यापेक्षा निश्चितच कमी असतो.