लेखनिकावाचून पत्र

सरकारी कामात एक जुना संकेत आहे: रोजचा पत्रव्यवहार लघुलेखकास सांगावा, परंतु अत्यंत गोपनीय टिपण अधिकाऱ्याने स्वहस्ते लिहावे. अंध मनुष्यास ही सवलत शतकानुशतके नव्हती. तो पत्र सांगे, दुसरा ते लिही, आणि उत्तर आले की तेही कोणी वाचून दाखवी. खुशाली कळविण्यास एवढे पुरे होते. पण घरातला कलह, कर्जाची विवंचना, अंतःकरणातील गूज ही लेखनिकासमोर उच्चारावी कशी?

इटलीतील पेल्लेग्रीनो तुर्री याने कारोलिना फान्तोनी या दृष्टिहीन काउंटेससाठी एक लेखनयंत्र बनविले. तिने त्यावर उमटविलेली १८०८ सालापासूनची पत्रे रेज्जो एमिलिया येथील दप्तरखान्यात आहेत. यंत्र मात्र उरलेले नाही. या दोघांवर पुढे प्रेमकथाही रचली गेली. वस्तुतः तिची काही गरज नव्हती. एका स्त्रीला आपले पत्र कोणालाही न सांगता लिहिता आले, ही गोष्टच पुरेशी अद्भुत आहे.

लुई ब्रेलची सहा टिंबांची लिपी सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती डोळस आप्तांना वाचता येत नसे. म्हणून १८३९ मध्ये त्याने टिंबांनीच नेहमीची रोमन अक्षरे काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पिएर फूको या अंध कारागिराने १८४१ च्या सुमारास तिच्यासाठी यंत्र घडविले. या उद्योगाची आठवण फारशी कोणी काढीत नाही, हे नवलच.

आपल्या काळात हाच प्रश्न वाणीच्या बाबतीत उभा राहिला. १९८५ मध्ये न्यूमोनियाच्या आजारात गळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागल्यामुळे स्टीफन हॉकिंग यांची वाचा गेली. त्यानंतर त्यांस जो यांत्रिक स्वर लाभला, त्याचे मूळ डेनिस क्लॅट या अमेरिकन संशोधकाच्या आवाजात होते. इंग्रज शास्त्रज्ञाच्या बोलण्यास अमेरिकी वळण! पुढे अधिक सफाईदार आवाज उपलब्ध झाले, तरी हॉकिंग यांनी तो सोडला नाही. तो आपलाच झाला आहे, असे ते म्हणत. हा हट्ट मला सर्वस्वी योग्य वाटतो. आपले नावही दुसऱ्यानेच ठेवलेले असते.

गालाच्या हालचालीने एकेक अक्षर निवडावयाचे, म्हणजे वाक्यास फार वेळ लागे. तेव्हा २०१४ मध्ये त्यांच्या यंत्रात पुढील शब्दाचा तर्क करणारी योजना बसविण्यात आली. तिला त्यांच्या ग्रंथांची व व्याख्यानांची शिकवण दिलेली होती. 'ब्लॅक' म्हणताच ती 'होल' पुढे करी. तुर्रीच्या यंत्रास काउंटेसच्या मनातले काहीच ठाऊक असावे लागत नव्हते. या नव्या सेवकास मात्र धन्याचे मागचे बोलणे जाणल्यावाचून चांगली सेवा करता येत नाही. म्हणजे ज्याला घालवून दिले, तो लेखनिकच यंत्रात परत येऊन बसला, आणि याची स्मरणशक्ती दांडगी.

हॉकिंग यांचे लेखन बव्हंशी जगापुढे होतेच. पण एखाद्या पक्षाघाताच्या रुग्णाचे मागचे बोलणे म्हणजे त्याने परिचारिकेस काय मागितले, मुलास काय खडसावले, पत्नीशी रात्री काय बोलला, हे सारे. यंत्र दुरुस्तीस पाठविले की त्यात साठलेले तेही बरोबर जाते.