चुलीपासून वाफ्यापर्यंत

वास्तुकलेच्या इतिहासांत देवळांना, राजवाड्यांना आणि किल्ल्यांना जो मान मिळाला, तो स्वयंपाकघराच्या वांट्यास फारच उशिरा आला. मग मागील दारच्या अळवाच्या वाफ्याची काय कथा! परंतु माणसाच्या आयुष्याचा केवढा तरी भाग चूल, पाणी आणि भाजी यांच्यामध्यें येरझारा करण्यांत जातो. आणि तो भाग बहुतेक बायकांच्याच आयुष्यांतला असतो.

माझें आजोळ कोंकणांतलें. तेथें स्वयंपाकघराचें दार थेट परसांत उघडे. दाराशीं दगडी डोण, शेजारीं भांडीं घासण्याची जागा, आणि तेथून निघणारा चिंचोळा पाट केळींच्या आळ्यांत जाई. न्हाणीचें पाणी माडांना, तांदळाचें धुवण गाईला, चुलींतली राख आधीं भांड्यांना आणि मग भाजीच्या वाफ्याला. कांहीं म्हणजे कांहीं फुकट जात नसे. या व्यवस्थेचें कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मीही एके काळीं करीत असें. पुढें एका सुटींत, मुलांच्या अंगीं असतो त्या रिकामटेकडेपणानें, मीं आजीचीं विहिरीपासून चुलीपर्यंतचीं पावलें मोजलीं. एका खेपेस बेचाळीस भरलीं. सकाळपासून दुपारपर्यंत किती खेपा झाल्या हें मोजतां मोजतां मीच कंटाळून गेलों. आजीला कंटाळण्याची सोय नव्हती.

परसदाराचा हिशेब असा दुहेरी असतो. काय वांचलें हें एका बाजूस लिहावें, आणि कोणाचे पाय दुखले हें दुसऱ्या बाजूस. हे दोन्ही रकाने समोर ठेवून घर आंखण्याचा एक मोठा प्रयत्न पहिल्या महायुद्धानंतर मध्य युरोपांत झाला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

१९१८ सालीं युद्ध संपलें, तेव्हां व्हिएन्ना शहर एका विशाल साम्राज्याच्या राजधानीवरून एकाएकीं एका लहानशा देशाची राजधानी झालें. हंगेरीचें धान्य आणि बोहेमियाचा कोळसा सरहद्दीपलीकडे गेला. शहर उपाशी आणि गारठलेलें. लोकांनीं जळणासाठीं जवळच्या रानांतलीं झाडें तोडलीं. गांवाच्या कडेच्या मोकळ्या जमिनींवर बटाटे आणि कोबी लावले. आणि कांहीं दिवसांनीं त्या वाफ्यांच्या बांधावरच खोपटीं उभारून ते राहूं लागले. परवानगी कोणी विचारली नाहीं आणि द्यावयास कोणी पुढेंही आलें नाहीं. हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एरव्हीं माणूस घर बांधतो आणि मग मागें बाग करतो. येथें आधीं बाग झाली आणि घर तिच्या मागोमाग आलें.

नगरपालिकेनें अखेरीस या वसाहतींसाठीं स्वतंत्र कचेरी उघडली, आणि १९२१ सालीं आडोल्फ लूस हे प्रख्यात वास्तुविशारद तिचे मुख्य शिल्पी झाले. श्रीमंतांचीं घरें बांधून नांवारूपास आलेले हे गृहस्थ आतां आग्रहानें सांगूं लागले कीं, वसाहतींत बाग हीच मुख्य आणि घर दुय्यम. पाण्यानें धुवून जाणारे शौचकूप या घरांना देऊंच नयेत असें त्यांचें मत होतें, कारण त्या योगें बागेचें खत गटारांत वाहून जातें. सभ्य कानांना हा विषय रुचणार नाहीं. जमिनीला मात्र तो चांगला रुचतो. ज्यांच्यापाशीं पैसा नव्हता ते रहिवासी विटा पाडणें, पाया खणणें अशा कामांत आपल्या श्रमाचे तास देत, आणि ते तास घराच्या किंमतींत जमा होत.

लूस यांच्या हाताखालीं या कामांत एक तरुण स्त्री होती. तिचें नांव मार्गारेटे लिहोट्स्की. १८९७ सालचा तिचा जन्म. व्हिएन्नाच्या कलाशाळेंत वास्तुशास्त्र शिकणाऱ्या अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं ती एक. विद्यार्थिदशेंत कामगारांच्या घरांच्या एका स्पर्धेसाठीं ती आराखडा काढावयास बसली, तेव्हां ओस्कार स्ट्रनाड या तिच्या गुरूंनीं तिला बजाविलें कीं, आधीं कामगार कसे राहतात तें जाऊन पाहा, मग पेन्सिल हातीं घे. ती गेली. अंधाऱ्या खोल्यांतून दाटीवाटीनें राहणारीं कुटुंबें तिनें पाहिलीं, आणि आपण कोणासाठीं घरें काढावयाचीं याचा निर्णय तेथेंच झाला.

वसाहतीच्या घरासाठीं तिनें काढलेली योजना साधी होती. कुटुंबानें बसावें-उठावें आणि जेवावें अशी एक मोठी खोली. आणि तिला लागून मळक्या व ओल्या कामांचें एक लहान दालन. भांडीं विसळणें, धुणें, स्नान, सारें तेथेंच. त्या दालनाचे भाग कारखान्यांत कांक्रीटचे ओतून आणून बसवावयाचे. १९२३ च्या सप्टेंबरांत नगरभवनासमोरच्या प्रदर्शनांत तिचें एक 'गाभ्याचें घर' प्रत्यक्ष उभें केलें गेलें. आज हातांत आहे तेवढ्या पैशांत गाभा बांधा, उद्यां पैसा आला कीं बाजूस वाढवा. आपल्याकडे पडवी वाढवितात, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें वाढ कोठें व्हावयाची हें आधींच कागदावर ठरलेलें असे.

१९२६ सालीं लिहोट्स्कीबाईंना फ्रँकफुर्टहून बोलावणें आलें. एर्न्स्ट माय हे तेथील नगररचनेचे प्रमुख होते, आणि घरांच्या टंचाईवर उपाय म्हणून हजारों बिऱ्हाडें झपाट्यानें बांधीत होते. येथें प्रश्न एका वाफ्याचा नव्हता, संख्येचा होता. क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन बाईंनीं १९१३ सालीं गृहकृत्यांच्या नव्या पद्धतीवर एक पुस्तक लिहिलें होतें. कारखान्यांत मजुराच्या हालचाली घड्याळ लावून मोजतात, तशा गृहिणीच्याही मोजाव्या, हा त्याचा मथितार्थ. तें जर्मन भाषेंत उतरलें होतें आणि लिहोट्स्कीबाईंनीं तें वाचलेलें होतें. दुसरा आदर्श होता आगगाडीच्या भोजनाच्या डब्याचा. तेथें हातभर जागेंत एक माणूस कितीतरी प्रवाशांचें जेवण रांधतो!

यांतून जें स्वयंपाकघर निघालें तें सुमारें सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब होतें. खिडकीखालीं कामाचा ओटा, आणि त्यापुढें फिरतें स्टूल, म्हणजे भाजी बसून चिरावी. ओट्यांतच एक भोंक. सालें व देंठ त्यांतून खालच्या खणांत. इस्त्रीची फळी भिंतीला मिटणारी. भातासारखा पदार्थ अर्धवट शिजवून आंच न लावतां मुरवत ठेवण्यासाठीं ऊब धरणारी पेटी. ॲल्युमिनियमचे लहान लहान खण, ओतावयास तोटी असलेले, प्रत्येकावर जिन्नसाचें नांव. त्यांत एक तांदळाचाही होता. पिठाचा खण मात्र ओकच्या लांकडाचा, कीड लागूं नये म्हणून. कपाटांचा रंग निळा-हिरवा, कारण त्या रंगावर माशा बसत नाहींत अशी समजूत होती. जेवणाच्या खोलीकडे सरकतें दार, म्हणजे चुलीशीं उभ्या आईला मुलें दिसावीं. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बसविलीं गेलीं.

बागांचें काम दुसऱ्या माणसाकडे होतें. लेबेरेख्त मिगे हे उद्यानशिल्पी. प्रत्येकानें आपलें अन्न आपण पिकवावें अशी हांक त्यांनीं १९१८ सालींच एका पुस्तिकेंतून दिली होती, आणि घरांतला केरकचरा व मैला खत होऊन जमिनींत परत गेला पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. निडा नदीच्या कांठीं १९२७-२८ मध्यें बांधलेल्या रोमरश्टाट या वसाहतींत घरांच्या रांगांमागें त्यांच्या बागा आल्या, आणि उताराच्या खालीं भाजीपाल्याचे वेगळे तुकडे.

येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. व्हिएन्नांत चूल आणि वाफा एकाच कागदावर, एकाच गरजेपोटीं काढले गेले होते. फ्रँकफुर्टांत दोन कुशल हात होते, पण कागद दोन. मजल्यांच्या चाळींत वर राहणाऱ्या बाईला स्वयंपाकघरांतून बागेंत पाऊल टाकतां येत नव्हतें. भाजीचा तुकडा असलाच तर जिना उतरून जावें लागे. तीं पावलें कोणी मोजलीं नाहींत. शिवाय त्या आटोपशीर खोलींत दुसरें माणूस मावत नसे. १९७० नंतरच्या स्त्रीवादी टीकाकारांनीं नेमकें यावरच बोट ठेवलें कीं, काम हलकें झालें, पण तें करणारी एकटी पडली. टीका खोटी नाहीं. पण बाईंचा हेतु निराळा होता. घरकामांतून वांचलेला वेळ स्त्रीला नोकरीसाठीं, वाचनासाठीं, विश्रांतीसाठीं मिळावा हीच त्यांची इच्छा होती. तरीही पुष्कळांना फ्रँकफुर्टची लिहोट्स्की ठाऊक असते, आणि मला व्हिएन्नाची अधिक मोठी वाटते.

एक गंमत सांगितली पाहिजे. हें स्वयंपाकघर आंखण्यापूर्वीं आपण कधीं घर चालविलें नव्हतें कीं रांधलें नव्हतें, हें बाईंनीं पुढें स्वतःच सांगितलें. आपल्याकडच्या सासवांनीं हें ऐकून काय म्हटलें असतें, तें श्रोत्यांनीं मनाशीं ठरवावें.

१९३० सालीं माय आपल्या सहकाऱ्यांसह सोव्हिएत रशियांत गेले. बाईही, विवाहानें आतां शूटे-लिहोट्स्की, त्यांच्याबरोबर होत्या. १९४१ च्या जानेवारींत नाझींविरुद्ध गुप्त कार्य केल्याबद्दल त्यांना व्हिएन्नांत अटक झाली. शिक्षा पंधरा वर्षांची. युद्ध संपतां संपतां, १९४५ च्या एप्रिलांत, सुटका. १०३ वा वाढदिवस पांच दिवसांवर असतां २००० सालच्या जानेवारींत त्या वारल्या. रोमरश्टाटमधील एक घर आतां एर्न्स्ट माय यांच्या नांवानें जतन केलें आहे. मूळच्यासारखें केलेलें तें स्वयंपाकघर तेथें पाहावयास मिळतें. आणि घरामागें, पुन्हां लावलेली, भाजीची बागही आहे.