खळ्यावरची मूठ

नाशिकहून वणीकडे जाणारा रस्ता दिंडोरीतून जातो. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत या रस्त्यावर सप्तशृंगगडाकडे पायी निघालेल्यांची रीघ असते. कोजागिरीला तर खांद्यावर कावडी घेतलेली माणसे रात्रंदिवस चालताना दिसतात. ज्यांचे बालपण या रस्त्याच्या आसपासच्या गावांत गेले, त्यांना आश्विन महिना म्हटला की आधी ही गर्दी आठवते आणि मग शाळेतले पाटीपूजन. एक या आकड्याच्या रेघा जोडून पाटीवर सरस्वती काढायची, तिला झेंडूचे फूल वाहायचे. मुसलमानांच्या मुलांपैकी कोणी ती काढी, कोणी नुसती पाटी धुऊन स्वच्छ करून आणी. मास्तरही फारसे विचारीत नसत. आमच्याकडे मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाखानी होते. मुलाचा हात धरून पहिले अक्षर वाचवून घेतात, लिहवून घेतात. अक्षराला मान देण्याची रीत दोन्ही घरांत होती, इतके मुलांना पुरेसे असे.

याच महिन्यात शाळेसाठी धान्य गोळा होई. आज नव्या पिढीला हे सांगावे लागते, कारण शाळा म्हणजे सरकारने बांधलेली इमारत अशीच त्यांची समजूत आहे. गावच्या शाळेवर सरकारचा हात होता हे खरे, पण तिचा अर्धा भार पहिल्यापासून गावाने उचललेला आहे.

1854 च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात मराठी शाळा वाढल्या, त्या बऱ्याच अंशी 'अर्ध्या स्वावलंबी' पद्धतीने. ज्या गावाला शाळा हवी, त्याने मास्तरांचा निम्मा पगार द्यायचा, जागा द्यायची, किरकोळ खर्च सोसायचा; उरलेला निम्मा पगार सरकार देणार. म्हणजे शाळा मागणे ही गावाची आर्थिक कुवत सिद्ध करण्याची गोष्ट होती. ज्या गावात पाटील-कुलकर्णी आणि एखाद-दुसरा सावकार शाळेच्या बाजूचा असे, तिथे शाळा आली. इतर गावे मागे राहिली. ही अडचण ध्यानात आल्यावर 1863 मध्ये शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर सुरू झाला आणि 1869 च्या कायद्याने तो पक्का झाला. त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला होता. आता शाळेचा पैसा थेट शेतातून, साऱ्याच्या पावतीबरोबर वसूल होऊ लागला.

हा पैसा नेमका कुणासाठी खर्च होतो, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी विचारला. 19 ऑक्टोबर 1882 रोजी, म्हणजे ऐन सुगीच्या दिवसांत, त्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन दिले. रयतेच्या घामातून उभा राहणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो आणि खेड्यातला शूद्र अतिशूद्र कोरडा राहतो, हा त्यातला मुख्य आरोप. प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करा, ही मागणीही त्यात आहे. हे सर्वांना ठाऊक असते. आपल्याकडच्या सभांमध्ये मात्र त्याच निवेदनातले मुसलमानांबद्दलचे निरीक्षण सहसा वाचले जात नाही. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, मराठी आणि इंग्रजी या भाषांबद्दल त्यांना आवड दिसत नाही, त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या थोड्या शाळा आहेत, अशा अर्थाचे ते निरीक्षण आहे.

फुल्यांनी हे आकसाने लिहिले नाही. ज्यांच्या वडिलांना मुन्शी गफ्फार बेग यांनी समजावले म्हणून ज्यांचे सुटलेले शिक्षण पुन्हा सुरू झाले, त्यांच्या मनात आकस कुठून असणार? पुण्या-मुंबईच्या मोहल्ल्यांकडे पाहून केलेली ती नोंद आहे आणि तिथे ती खरीच असावी. खेड्याचे चित्र मात्र मला वेगळे वाटते. खेड्यातल्या मुलाणी, पिंजारी, मणियार, तांबोळी, आतार यांचा व्यवहार मराठीशिवाय एक दिवस चालत नव्हता. त्यांची मुले शाळेत कमी होती, ती भाषा आवडत नव्हती म्हणून नव्हे. पिंजाऱ्याचा मुलगा बापाबरोबर धनुकली घेऊन गावोगाव हिंडे. कुणब्याच्या मुलाला जी गुरे आडवी येत, तीच अडचण त्याच्यापुढे वेगळ्या रूपात उभी असे. दारिद्र्याला आवडनिवड समजण्याची चूक आपल्याबाबत पुढेही अनेकांनी केली, आपल्यातल्या सुशिक्षितांनीही केली.

मुलाण्याचे घर या सगळ्यात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार. जत्रेला, नवसाला बकरे हलाल करणे हे त्याचे काम आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचा हक्क. सुगीत बाजरीची मळणी होई, तिवड्याभोवती बैल फिरत, उफणणी झाली की रास पडे. मग सुतार, लोहार, न्हावी यांच्या रांगेत मुलाणीही आपले बलुते घ्यायला येई. याच राशीतून शाळेसाठी मूठ निघे. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला उपकर लागू नव्हता. सरकारी हिशेबात तो शाळेचा देणेकरी कधीच नव्हता. पण मागायला आलेल्याला नाही म्हणण्याची रीत खळ्यावर नसते. घेतलेल्या बलुत्यातून ओंजळभर बाजरी शाळेच्या पोत्यात टाकून तो घरी जाई. आमच्या नानीच्या घरी जात्याशेजारी एक गाडगे असे. दळण दळायच्या आधी त्यात मूठभर दाणे पडत. फकीर आला तर त्यातले त्याला, नाहीतर शाळेला. नानीच्या लेखी दोन्ही खैरातच होती.

या मुठीला संस्थेचे रूप दिले कर्मवीर भाऊराव पाटलांनी. 4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे राहिले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. मुलांना जेवायला घालायचे होते आणि देणगीदार मोजके होते. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्या पलीकडचा मार्ग म्हणजे मुष्टिफंड. घरच्या बाईने रोज दळणातून एक मूठ धान्य बाजूला ठेवायचे आणि ते वसतिगृहासाठी द्यायचे. लक्षपतीचा एक आकडा बदलला तर संस्था डगमगते. हजार घरांतल्या मुठी एका वेळी बंद होत नाहीत. दिलेली मूठ म्हणजे मतही होते. ज्या घरातून धान्य गेले, त्या घराला त्या वसतिगृहात कोण शिकतो, काय शिकतो हे विचारण्याचा हक्क आला.

फंडाची ही कल्पना त्या काळच्या हवेतच होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. नाशिकमध्ये 1914 साली मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला आणि उदाजी मराठा वसतिगृहाने खेड्यातल्या मुलांना शहरात राहायला जागा दिली. आज या संस्थेच्या शाळा-महाविद्यालये दिंडोरीसह जिल्हाभर आहेत आणि तिथे आपली मुले-मुलीही शिकतात.

आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण मात्र दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो. 1874 मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा मोहम्मद अली रोगे यांच्यासारख्या मंडळींनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली, 1880 मध्ये शाळा सुरू झाली, 1893 मध्ये बोरीबंदरसमोरची देखणी इमारत पुरी झाली. सर सय्यद अहमद खान तर अलीगढच्या कॉलेजसाठी चंदा मागायला रंगमंचावर उभे राहायलाही लाजले नाहीत. कोल्हापुरात 1906 मध्ये शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. ही सगळी नावे आदराचीच आहेत. पण यांतली पहिली संस्था व्यापारी आणि बॅरिस्टरांनी काढली, दुसरी नवाब-जमीनदारांच्या मदतीवर वाढली आणि तिसरीच्या पाठीशी छत्रपती होते. दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावी यांतले कोणीच नव्हते. इथल्या मुसलमानाचा शिक्षणाचा इतिहास अंजुमनपेक्षा मुष्टिफंडाच्या जवळचा आहे आणि तो आपण कुठेच नोंदवलेला नाही.

नोंद नसण्याला आपल्या दानाची पद्धतही कारणीभूत आहे. जकात द्यायची तर ती गरजू माणसाच्या मालकीची झाली पाहिजे, ही हनफी फिकहमधली तमलीकची अट. त्यामुळे इमारत, बाक, फळा यांवर जकात थेट खर्च करता येत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. गरीब विद्यार्थ्याला पुस्तके, फी, कपडे यांसाठी ती देता येते; पण तसा विचार करून देणारे थोडे. बाकी चंदा, फितरा, कुर्बानीची कातडी हे सारे मदरशाकडे जाते. एके काळी बकरी ईदची कातडी हा मदरशांच्या वर्षभराच्या खर्चाचा मोठा आधार होता. गेल्या काही वर्षांत कातड्याला भाव राहिला नाही. गोळा करण्याचा खर्चही निघत नाही म्हणून काही ठिकाणी ते घेणेच बंद झाले. या आटलेल्या झऱ्याबद्दल जमातीत चर्चा होते, गावच्या शाळेबद्दल होत नाही.

शिवाय आपला सण ऋतूला बांधलेला नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2004, 2005 आणि 2006 ही तीन वर्षे ईद आणि दिवाळी चार-चार दिवसांच्या अंतराने आल्या होत्या, हे पुष्कळांना आठवत असेल. रोजे, फितऱ्याचे धान्य, दिवाळीची सुट्टी आणि खरिपाची सुगी सारे एका पंधरवड्यात. तसा योग आता 2037 च्या आसपास येईल.

तोवर सुगीचा अर्थच बदललेला असेल, खरे तर तो बदललाच आहे. पालखेड, वाघाड, करंजवण, ओझरखेड या धरणांचे पाणी आले आणि बाजरी-भुईमुगाच्या रानात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तालुक्याच्या पश्चिमेकडे, आदिवासी गावांत, भात आणि नागली अजून आहे; पूर्वेकडे मात्र आश्विन हा आता रास घरात येण्याचा महिना राहिला नाही. ऑक्टोबर छाटणी, मग फवारण्या, डाऊनीची धास्ती, अवकाळी पावसाची धास्ती. पैसा येणार तो फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरल्यावर. तोवर औषधाच्या दुकानाची उधारी. ज्या महिन्यात घरात पूर्वी सर्वांत जास्त असे, त्याच महिन्यात आता खिसा सर्वांत रिकामा असतो. दसऱ्याला कोणी शाळेसाठी पोते घेऊन दारी येत नाही, आले तरी पोत्यात टाकायला दाणे नाहीत. रेशनच्या गव्हाची मूठ कोण मागणार? शाळेची वर्गणी सरकली ती स्नेहसंमेलनाकडे, प्रजासत्ताक दिनाकडे, आणि ती धान्यात न राहता रोखीत आली. त्यातच छाटणीच्या कामाला सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या मजुरांची मुले आपली शाळा सोडून बागांत येतात. त्यांना गावाची शाळा आपली वाटत नाही आणि गावालाही ती मुले आपली वाटत नाहीत.

मूठ गेली आणि रोख आली, याने काय बिघडले, असे कोणी विचारील. शाळेचे बिघडले नसेल. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला, खोल्या पक्क्या झाल्या, खिचडी शिजू लागली. बिघडले ते आठवणीचे. धान्याची पावती फाडत नाहीत. अधोली-पायलीने मोजलेली बाजरी बाजारात विकून जी रक्कम येई, ती 'गावाकडून' म्हणून एका ओळीत जमा होई. रोख देणाऱ्याचे नाव वहीत चढे, मोठी रोख देणाऱ्याचे भिंतीवर. त्यामुळे आज एखादा तरुण उभा राहून 'या शाळेसाठी तुमच्या लोकांनी काय केले' असे विचारतो, तेव्हा आपल्या पोराकडे दाखवायला कागद नसतो. असा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे, तोही रागाने विचारलेला नव्हता. विचारणाऱ्याला खरोखरच माहीत नव्हते. उत्तर द्यायला उभा राहिलेला आपला मुलगाही गप्प बसला, कारण त्यालाही माहीत नव्हते.

शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. समितीच्या निवडीची सभा असते तेव्हा आपल्या मोहल्ल्यातून किती आया जातात? मदरशाच्या जलशाला रात्री एक वाजेपर्यंत बसणारी माणसे या दुपारच्या सभेला अर्धा तास देत नाहीत, हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण ते खरे आहे.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावी जुन्या शाळेची खोली पाडायची होती म्हणून पाहायला गेलो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. दाराशेजारी काळ्या दगडात देणगीदारांची नावे कोरलेली होती, प्रत्येकापुढे रुपये. आमच्यातले नाव एकही नव्हते. माझ्याबरोबर गावातला एक म्हातारा कुणबी होता, शाळा बांधली तेव्हा तो तिसरीत होता. मुलाण्याच्या चुलत्याने जोत्यासाठी आठ दिवस दगड वाहिला आणि राशीतून पोतेभर बाजरी दिली, हे त्याने न विचारता सांगितले. दगड वाहताना त्याचा अंगठा चेचला होता, तेही सांगितले. मग तो वाकला, धोतराच्या सोग्याने दगडाच्या तळाची धूळ पुसली. तिथे शेवटची ओळ होती, तिच्यापुढे रक्कम नव्हती: 'आणि समस्त ग्रामस्थ'.