वेळ अमावस्या, पार्श्वनाथ जन्मकल्याणक आणि सातबाऱ्यावरचं लेकीचं नाव



हिवाळ्यात घर माणसांनी भरतं ते आपल्या हदगावात दिवाळीपेक्षा जास्त. दिवाळीला लेकी भाऊबीजेपुरत्या येतात, पण मार्गशीर्षाच्या शेवटच्या आठवड्यात चार पिढ्या एकत्र असतात. आधी पार्श्वनाथ भगवानांचं जन्मकल्याणक आणि चार-पाच दिवसांनी वेळ अमावस्या. श्वेतांबर परंपरेत जन्मकल्याणक दशमीला, आपल्या दिगंबर परंपरेत एकादशीला. उत्तरेकडचं पंचांग त्याला पौष वद्य म्हणतं, आपलं मार्गशीर्ष वद्य. तिथी एकच, महिन्याचं नाव वेगळं. सुनांचा दर वर्षी गोंधळ होतो तो इथेच. २०२४ साली जन्मकल्याणक २५-२६ डिसेंबरला आलं आणि वेळ अमावस्या ३० डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या सुट्टीत दोन्ही बसले. मुलांना त्यापेक्षा काय हवं!

वेळ अमावस्येचं खरं माहेर म्हणजे लातूर आणि धाराशिव. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, बाजारात चिटपाखरू नसतं, सगळं गाव शिवारात. हदगावकडे एवढा गाजावाजा नाही. आमच्या घरी हा सण सासूबाईंच्या माहेराहून, औशाकडून आला. सण सुनांच्या पदराला बांधून येतात, ही इतिहासाच्या पुस्तकात न मिळणारी गोष्ट.

नावाचंही तसंच. त्या भागात ‘येळवस’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, आणि उत्तर कर्नाटकात हीच एळ्ळ अमावस्या. तिथेही लोक शेतात जेवतात, पिकात नैवेद्य शिंपडतात. मराठी आणि कन्नड मुलूख एकाच राजवटीखाली नांदला, त्याची ही खूण. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. लट्टलूर म्हणजे आजचं लातूर. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे मळखेड. त्याच राष्ट्रकूटांच्या काळात आचार्य जिनसेनांनी आदिपुराण रचलं, पुढे मान्यखेटातच कवी पुष्पदंतांनी अपभ्रंश भाषेत महापुराण लिहिलं. म्हणजे ज्या मातीतून येळवस आली, त्याच मातीत आपली पुराणंही लिहिली गेली.

शेतात कडब्याची खोपी करून पाच दगड पांडव म्हणून मांडतात. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, आपण हे कसं करायचं? आजेसासूबाई म्हणाल्या, “अगं, पांडव काय परके आहेत?” खरंच आहे. आपल्या परंपरेप्रमाणे धर्मराज, भीम आणि अर्जुन शत्रुंजयावर मोक्षाला गेले, नकुल-सहदेव सर्वार्थसिद्धीला. आमच्याकडे दगडांची पूजा होत नाही. खोपीत बसून णमोकार मंत्र म्हणतात आणि लहानांना पांडवांची कथा सांगतात.

स्वयंपाकातही आजेसासूबाईंच्या पिढीने अशीच वाट काढली. मूळ भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चुका, गाजर, लसूण आणि ताकात कालवलेलं बेसन असतं. बेसन आणि ताक एकत्र म्हणजे द्विदल, म्हणून आपल्याकडे चिंचेचा कोळ. गाजर-लसूण नाहीच. आंबील इतरांकडे रात्रभर मडक्यात आंबते. आपल्याकडे ज्वारीचं पीठ सकाळी शिजवून त्यात त्याच दिवशीचं ताक घालतात. चौदसेला हिरवं चिरायचं नाही, म्हणून भाजी अमावस्येच्या पहाटेच खुडायची, आणि त्यासाठी दहा-बारा हात लागतात. आमच्या जावा-जावांची खरी मैत्री या दाणे सोलण्यात झाली. संध्याकाळी इतर शिवारांत पेटता हेंडगा फिरवतात. जीवहिंसेमुळे आपण तो लावत नाही. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो, त्याआधी जेवणं उरकून सगळे घरी.

काही हिवाळ्यांत मात्र ही पंगत बसलीच नाही. १९४७-४८ च्या हिवाळ्यात आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि पैनगंगेपलीकडचं उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र भारतात. रझाकारांच्या धास्तीने आमच्या घरच्या बायका-मुलांनी नदी ओलांडली होती. ३० जानेवारी १९४८ ला आपल्याच जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, तेव्हा आजेसासूबाई तान्ह्या लेकीला घेऊन उमरखेडात होत्या. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं आणि पुढच्या अमावस्येला पुन्हा शेतात चूल पेटली. १९७२ च्या दुष्काळात सोलायला दाणेच नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या वर्षी सासूबाईंच्या माहेरच्या माणसांना गोड खाववलं नाही.

या सगळ्यातून पंगत टिकली. तिला धक्का लागला तो कागदावरून. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला आणि एकत्र कुटुंबांनी जमिनी भावाभावांत वेगळ्या लावून घेतल्या. चूल एक, खाती चार. त्या खात्यांत बायकांची नावं क्वचितच होती.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, पण वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मतः हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तिला तो हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

आता घरातली गोष्ट. उमरखेडात कडेवर होती ती तान्ही लेक म्हणजे आमच्या आत्याबाई. आजेसासरे गेल्यावर अशाच एका वेळ अमावस्येच्या पंगतीनंतर हक्कसोड पत्राचा विषय निघाला आणि दोन दिवसांनी त्यांनी सही केली. “माहेर तुटू नये म्हणून,” त्या म्हणाल्या. पुढे शेताचा तुकडा महामार्गात गेला. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावांना मिळाला. तेव्हा त्यांच्या घरात आजारपण होतं आणि त्यांना माहेरी हात पसरावा लागला. भावांनी दिलं, पण मागावं लागलं. दोन्हींत फरक आहे.

सासूबाईंनी ते पाहिलं. सासरे गेले तेव्हा त्यांनी माझ्या दोन्ही नणंदांची नावं वारस म्हणून लावायला सांगितली. घरात कुरबुर झाली. आजही साध्या कामाला पुण्याहून सही मागवावी लागते, कधी कामं महिनोन्‌महिने अडतात. तरी नणंदा येणं सोडून गेल्या नाहीत. उलट आता बांध कुठला, विहिरीचं पाणी किती, हे त्यांची मुलं विचारतात. ज्या शेतात आपलं नाव आहे तिथे माणूस पाहुण्यासारखा बसत नाही.

अपरिग्रह म्हणजे स्वतःच्या हाताने सोडणं. लाजेपोटी सही करणं याला मी त्याग म्हणणार नाही. ज्यांना सोडायचंय त्यांनी जरूर सोडावं, पण आधी काय सोडतोय ते वाचून. म्हणून यंदा माहेरी जेवायला जाल तेव्हा सातबारा मागून बघा. भांडायला नव्हे, नुसतं माहीत असावं म्हणून. आणि सुनांनो, नणंदेला सही मागायची वेळ आलीच, तर ती पंगतीच्या दिवशी मागू नका.

भज्जीचं प्रमाण पुढच्या वेळी लिहीन. चिंच जरा जास्तच भिजवून ठेवा.