हर्डमानियाची वंशावळ

तुतिकोरिनच्या समुद्रात पाणबुडे ज्या शंखासाठी तळ गाठतात आणि जो पुढे आपल्या देवघरात पूजेला बसतो, त्या शंखातील गोगलगाय जिवंत असताना तिच्या पाठीवर कधीकधी एक गुलाबी, चिवट कातडीचा जीव घट्ट चिकटलेला आढळतो. त्याला डोके नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत, वरच्या अंगाला चार-चार पाकळ्यांची दोन तोंडे मात्र आहेत, आणि त्याला हात लावताच त्या तोंडांतून पाण्याची चिळकांडी उडते. प्राणिशास्त्राच्या दप्तरात याची नोंद हर्डमानिया या नावाने आहे, आणि त्याचे खाते आज मासे, पक्षी व मनुष्य यांच्या, म्हणजे पृष्ठवंशीयांच्या, शेजारी उघडलेले आहे. ही नोंद पक्की होण्यास विद्वानांना दोन हजारांहून अधिक वर्षे लागली; आणि याचे कारण असे की, या कुळातील प्राणी वयात येता येता आपल्या कुळाचा दाखला स्वतःच नष्ट करून टाकतात.

ॲरिस्टॉटलने भूमध्य समुद्रातील या जीवांचे चामड्यासारखे कवच आणि पाणी घेण्या-सोडण्याची दोन छिद्रे अचूक टिपली होती, पण वनस्पतींपासून ते फारसे दूर नाहीत असेच त्याला वाटले. लिनीअसने 1767 मध्ये त्यांना कृमींच्या अफाट वर्गात ढकलले, आणि क्यूव्हिएने 1815 मध्ये, सुरी हाती घेऊन व आतली रचना डोळ्यांनी पाहून, त्यांना शिंपल्यांचे बिनशिंपल्याचे भाईबंद ठरविले. प्रौढ शरीरापुरते पाहिले तर हा निकाल गैरवाजवी म्हणता येणार नाही.

याच सुमारास पॅरिसमध्ये एक माणूस आपल्या दृष्टीचे मोल देऊन हे काम करीत होता. झ्यूल सावीन्यी हा 1798 मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर मिसर देशी गेला होता, आणि सुएझच्या आखातातून आणलेल्या नमुन्यांवर त्याने जे सूक्ष्म छेदन केले, त्यातून 1816 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने या प्राण्यांच्या अभ्यासाचा पायाच नव्याने घातला; ज्या मऊ गोळ्यांना लोक प्रवाळांच्या जातीचे समजत होते, ते अनेक सूक्ष्म कंचुकधारी, म्हणजे चामडी कवचाच्या, जीवांचे संघ आहेत, हे त्याने सिद्ध केले, आणि आपल्या हर्डमानियाची एक जातही ‘मोमस’ या नावाने प्रथम त्यानेच वर्णिली. पुढे त्याच्या नेत्रांनी दगा दिला, आणि 1851 मध्ये मृत्यू येईपर्यंतची दीर्घ वर्षे त्याला अंधारात काढावी लागली. या शास्त्राच्या इतिहासात माझ्या मते त्याच्याइतका आदरास पात्र पुरुष दुसरा नाही. लामार्कने त्याच 1816 साली या जीवांना मृदुकायांतून काढून कंचुकधाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग दिला; परंतु मूळ कूळ कोणते, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर प्रौढ देहात नव्हतेच. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखे शेपटीचे असते, ते काही तास पोहते आणि मग डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटते, एवढे पूर्वीच ठाऊक झाले होते. पण अलेक्झांडर कोवालेव्हस्की या पंचविशीतील रशियन अभ्यासकाने नेपल्सच्या किनाऱ्यावरील प्राण्यांची अंडी टप्प्याटप्प्याने तपासून 1866 मध्ये दाखवून दिले, की त्या शेपटीत पृष्ठरज्जू आहे, त्याच्या वर मज्जेची नळी आहे, आणि या दोन्ही गोष्टी पृष्ठवंशीयांच्या गर्भात घडतात त्याच रीतीने येथेही घडतात. जीव स्थिरावला की शेपटी शोषली जाते, पृष्ठरज्जू नाहीसा होतो, डोळ्याचा ठिपका लोपतो, आणि मेंदूच्या जागी दोन तोंडांमध्ये एक छोटी गाठ तेवढी उरते. डार्विनने 1871 मध्ये या शोधाचा मोठ्या आनंदाने स्वीकार केला. याउलट, कोंबडीच्या गर्भातील पृष्ठरज्जूचे वर्णन करून गर्भविज्ञानाला ज्याने शिस्त लावली, त्या कार्ल फोन बेअरनेच, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, 1873 मध्ये या निष्कर्षाविरुद्ध लेखणी उचलली. त्याचा विरोध टिकला नाही; तथापि एवढ्या वयात एका तरुणाचे काम बारकाईने वाचून त्याला सविस्तर उत्तर देण्याची ही वृत्ती मला अनुकरणीय वाटते. जनुकांच्या तुलनेने 2006 मध्ये तर असे निष्पन्न झाले, की पृष्ठवंशीयांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणून ज्या माशासारख्या अँफिऑक्ससकडे पाहिले जाई, त्याच्याहूनही हे खडकाला चिकटलेले जीव जवळचे आहेत.

हर्डमानिया हे नाव लाहीय या फ्रेंच अभ्यासकाने 1888 मध्ये ठेवले, ते लिव्हरपूलच्या हर्डमन यांच्या सन्मानार्थ. ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या कंचुकधाऱ्यांचे वर्णन याच हर्डमनांनी केले होते, आणि 1902 मध्ये सिंहलद्वीपाच्या मोत्यांच्या मत्स्यक्षेत्रांची पाहणी करण्यासाठी ते मन्नारच्या आखातातही येऊन गेले. मात्र हिंदी विद्यार्थ्याच्या मेजावर हा प्राणी आणला तो एस. एम. दास यांनी. लखनौहून के. एन. बहल यांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या प्राणिशास्त्रीय ग्रंथमालेत दासांचा ‘हर्डमानिया’ 1936 मध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी त्याच मालेत पटवर्धनांचा नदीतील झिंग्यावरचा ग्रंथ निघाला. विलायती पुस्तकांतील विलायती प्राण्यांवर भागविणाऱ्या आमच्या महाविद्यालयांना आपल्याच पाण्यातील जीव शिकविण्याची सोय या मालेने करून दिली, हे तिचे ऋण मोठे आहे.

दासांच्या वर्णनाप्रमाणे हा प्राणी उघडावा, म्हणजे प्रथम जाड कंचुक सोलून निघतो. त्याखालच्या प्रावाराच्या पातळ भिंतीत चुन्याचे बारीक काटे विखुरलेले असतात, काही चातीच्या तर काही पिपेटच्या आकाराचे, आणि हेच काटे काचपट्टीवर चढवून परीक्षेत ओळखावयास ठेवण्याचा प्रघात पडला. आत जाळीदार ग्रसनी, तिच्या तळाशी श्लेष्म स्रवणारी खाच, जिच्यात आपल्या अवटू ग्रंथीचे पूर्वरूप पाहिले जाते. आणि हृदय तर असे, की काही वेळ रक्त एका दिशेने लोटून ते क्षणभर थांबते व मग उलट दिशेने लोटू लागते. मज्जेच्या गाठीलगतची ग्रंथी हर्डमानियाच्या बहुतेक भाईबंदांत तिच्या खाली असते, ती येथे वर आहे.

कुळाचा निकाल असा लागला असला, तरी जातींचा तंटा मिटलेला नाही. हेलरने 1878 मध्ये वर्णिलेली व आपल्या पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेली ‘पॅलिडा’ ही जात काही पंडितांनी सावीन्यीच्या ‘मोमस’मध्ये विलीन करून टाकली, तर काहींनी ती पुन्हा वेगळी काढली, त्यामुळे जुन्या संग्रहातील बरणीवर यांपैकी कोणते नाव लिहिले आहे, हे पाहिल्यावाचून तिच्याविषयीचे कोणतेही विधान वाचकाने स्वीकारू नये.