पेनड्राइव्हवरचं रामायण

घरबसल्या गाणं ऐकायच्या आपल्या इतिहासाची सुरुवात १९०२ साली कलकत्त्यात झाली. भोंग्यात तोंड घालून गौहरजानने तबकड्या भरल्या. तीन मिनिटांत राग उरकायचा आणि तबकडी कुणाची हे कळावं म्हणून शेवटी इंग्रजीत आपलं नाव पुकारायचं. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली, १९८२ साली सीडी आली. १९९५ साली जर्मन संशोधकांनी फाइलीच्या नावामागे 'एमपी-थ्री' हे शेपूट लावलं. कानाला तसाही ऐकू न येणारा भाग गाळायचा आणि फाइल साधारण दहाव्या हिश्शावर आणायची, ही त्यातली युक्ती. (बँकेतल्या मीटिंगचं इतिवृत्त आम्ही असंच लिहितो.) २००० सालच्या सुमारास पेनड्राइव्ह बाजारात आला आणि मग यथावकाश आमच्या खाप्याच्या घरातही आला.

तो आला बाबांसाठी. बाबा १९५५ साली शिकायला पुण्यात मामाकडे होते. त्या वर्षी रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक नवं गाणं. ठरली होती बावन्न, पण अधिक महिना आला आणि छप्पन्न झाली. अधिक महिन्याने जावयाखेरीज कुणाचा फायदा केल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. मामा म्हणे रेडिओसमोर उदबत्ती लावत. गाणं संपलं की आठवडाभर घरात चर्चा, पुढल्या वेळी कोण गाणार, माणिक वर्मा की आणखी कुणी.

पुढे खाप्यात आमच्याकडे कॅसेटचा संच होता. टेपरेकॉर्डरने त्यातली भरताची कॅसेट गिळली. फीत ओढून काढली तेव्हा ती कन्हान नदीच्या पात्राएवढी लांब भरली. शेजारच्या कोष्ट्याकाकांनी तुटलेला धागा जोडावा तशी ती जोडून दिली, पण पादुका कायमच्या कुरकुरायला लागल्या.

म्हणून मी छप्पन्नही गाणी पेनड्राइव्हवर भरली. फाइलींना १ ते ५६ नंबर दिले, स्टिरिओला पेनड्राइव्ह टोचला आणि बाबांना आरामखुर्चीत बसवलं. पहिल्या गाण्यात कुश-लव रामासमोर गायले. दुसऱ्यालाच विश्वामित्र रामाला घेऊन मिथिलेकडे निघाले! बाबा गप्प. पाठोपाठ स्वयंवर झालं, वनवास झाला, भरत येऊन पादुका घेऊन गेला. आणि मग कौसल्या मूल नाही म्हणून व्याकूळ झाली.

"काहून बे," बाबा उठून बसले, "पोरगा वनवासात गेला, अन् हिला अजून पोरगंच नाही?"

यादी पाहिली तर पुढे याहून भयंकर प्रकार होता. रावण मेल्यावर राम जन्मणार होता. आमचा स्टिरिओ फाइली नावाच्या क्रमाने लावतो, आणि नंबर शब्दकोशातल्या शब्दासारखा डावीकडून एकेक अक्षर वाचतो. त्यामुळे एकानंतर दहा ते एकोणीस, मग दोन, मग वीस. सहा नंबरचा रामजन्म छप्पन्नच्याही मागे. काही यंत्रं म्हणे फाइली ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने वाजवतात; ती कुणाकडे असतात कोण जाणे.

उपाय अखेर बँकेतच सापडला. चेकवरचा नंबर सहा आकडी असतो. पहिल्याच्याही मागे पाच शून्यं असतात. तेव्हा १ चं ०१ केलं, २ चं ०२, असं ०९ पर्यंत. बी.कॉम.चा उपयोग घरात झाला तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पहिलं गाणं संपलं आणि शरयूतीरी अयोध्या बरोबर उभी राहिली. मी शाबासकीच्या अपेक्षेने पाहिलं. बाबांनी हात वर केला.

"बंद कर. आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मग दुसरं पुढच्या शुक्रवारी."

बाबांना सत्त्याऐंशी पूर्ण झालीत. छप्पन्न आठवडे म्हणजे एक वर्ष आणि वर एक महिना. हिशेब मी मनातल्या मनात केला, बोललो नाही. "बरं," म्हणालो आणि पेनड्राइव्ह काढून देवघरात ठेवला.

परवा एकोणिसावं झालं, नाव गंगेपार गेली. विसावं येत्या शुक्रवारी. सकाळी, लाइन असली तर.